पुढचं पाठ, मागचं सपाट : नाशिकच्या क्लासचालकांना खुलं पत्र

नाशिकमधले सर्व क्लासचालक, अभ्यासिकाचालक आणि तिथं शिकवणारे सर-मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी सहानंतर कॉलेज रोडवरून स्कूटी काढणं हे माझ्या वयाच्या बाईचं काम नव्हे, तरी आठवड्यातून दोनदा काढावी लागते. तुमच्या बॅचा नुकत्याच सुटलेल्या असतात. अर्धा रस्ता गाड्यांनी अडलेला, पोरं वडापावच्या गाडीभोवती, पाठीवर पोत्याएवढ्या सॅका. वर फ्लेक्सवर गेल्या वर्षीचे रँकर हाताची घडी घालून हसत असतात. उद्या सिंहस्थाच्या स्वागताचे कितीही फ्लेक्स लागू देत, तुमच्या जागा काही हलायच्या नाहीत, याची मला खात्री आहे.

फीबद्दल मी लिहिणार नाही. तो विषय पालकांनी तुमच्याशी काढायचा, आणि ते काढत नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. मी सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून पंचवटीत आमच्या गल्लीतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसते. पगार नाही, पाटी नाही. मुलं अडलेलं विचारतात, मी चहा पिते आणि जमेल ते सांगते. तुमच्याकडून शिकून आलेली मुलं तिथं माझ्यासमोर बसतात, म्हणजे तुमच्या शिकवण्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं हे तुमच्यापेक्षा मला जास्त दिसतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बारावी सायन्सची एक मुलगी, नीटची तयारी करणारी, बायोलॉजीची वही घेऊन बसली होती. पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे तीन हायलायटर. पान इतकं रंगलेलं की एखादं न रंगवलेलं वाक्यच उठून दिसावं. रक्ताभिसरणाचा धडा सहा वेळा वाचून झालाय, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी म्हटलं, वही मिट, हा कोरा कागद घे, आणि हृदयातून रक्त कसं फिरतं ते काढून दाखव. तिनं हृदयाचा आकार छान काढला. राइट एट्रियम लिहिलं, राइट व्हेंट्रिकल लिहिलं, बाण काढला आणि पेन थांबलं. पुढं फुप्फुसांत जायचं की सगळ्या अंगात, हे तिला सुचेना. चांगली दोन मिनिटं ती कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला येतं हो. पान डोळ्यांसमोर दिसतंय. फक्त त्याच्यावरची अक्षरं दिसत नाहीयेत."

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. सव्वीस वर्षांत स्मृतीबद्दल इतकं नेमकं मला वर्गात सांगता आलं नव्हतं.

ती आळशी नव्हती, ढ तर अजिबातच नव्हती. तिची फसगत झाली होती. सहाव्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, डोळे भराभर पुढं सरकतात, आणि या सरावलेपणालाच आपण 'येतं' समजतो. ओळखणं आणि आठवणं ही दोन कामं आहेत. समोरून आलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला पटकन ओळखता येतो, नाव मात्र जिभेवर येत नाही, तसंच हे. परीक्षेत नाव विचारतात.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली हेच मोजून दाखवलं. मुलांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. इथवर तुमची पद्धत जिंकली. आठवड्यानं पुन्हा चाचणी घेतली. वाचणारे ४० टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ६१ वर होते. यातली खरी मेख अशी की, आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असं आधीच विचारलं होतं, तेव्हा सर्वांत जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती.

तुमचा सगळा धंदा त्या पाच मिनिटांवर उभा आहे, असं मला वाटतं. रागावू नका. सर फर्डं शिकवतात, फळा भरतो, मुलांच्या माना डोलतात, मुलगा घरी येऊन म्हणतो "आज मस्त समजलं" आणि आई-बाबा पुढचा हप्ता भरतात. सगळं खरं असतं. पाच मिनिटांपुरतं.

आता माझंही ऐका. सव्वीसपैकी निदान वीस वर्षं मी नोट्स उतरवून दिल्या. 'घ्या लिहून' म्हणायचं आणि फळ्याकडं वळायचं. सगळी डोकी खाली, नुसता पेनांचा आवाज. वर्गात अशी शांतता असली की मला फार समाधान वाटायचं. स्मृतीचं प्रकरणसुद्धा मी असंच उतरवून दिलंय, एबिंगहाउसच्या विसरण्याच्या आलेखासकट. मुलांनी तो आलेख सुबक काढला आणि परीक्षेनंतर विसरून टाकला. आलेख स्वतःच सांगत होता की असंच होणार.

तो आलेख तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बी.एड.ला काढला असेल. एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःलाच प्रयोगाचा उंदीर केलं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही वेळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करायला आधीपेक्षा किती कमी श्रम पडतात ते मोजायचं. हे सगळं त्यानं १८८५ साली छापलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसानं ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ आणि महिन्यानं २१. म्हणजे घसरण आहे ती पहिल्याच दिवशी. सहा दिवस आणि एक महिना यांत फारसा फरक नाही. जे उरतं ते चिवट असतं, आणि मधूनमधून उजळणी झाली की दर वेळी अधिक उरतं. उजळणी हा शब्द आपल्याकडं एबिंगहाउसच्या कितीतरी आधीचा आहे, पण तुमच्या वेळापत्रकात ती येते थेट प्रिलिमच्या आधी, पंधरा दिवसांत सगळा सिलॅबस, रात्री दहापर्यंत. आपल्याकडं म्हणतात ना, पुढचं पाठ, मागचं सपाट. तुम्ही ती म्हण वेळापत्रकात बसवलीय.

"अहो मॅडम, दर रविवारी पेपर घेतो की आम्ही!" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. घेता, कबूल. पण रविवारच्या पेपरात त्याच आठवड्याचा धडा असतो. जूनमधला धडा जूनच्या रविवारी विचारला की तो जानेवारीपर्यंत कपाटात जातो. पेपर तपासून येतो तो नुसता आकडा होऊन, व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रमवारीनं. कुठं अडलं, का अडलं, हे कुणी बोलत नाही, कारण सोमवारी पुढचा धडा सुरू करायचा असतो. शिवाय त्या पेपरात सगळी गणितं एकाच प्रकारची. मुलाला कोणतं सूत्र लावायचं हे शोधावंच लागत नाही. धड्याच्या नावातच ते लिहिलेलं असतं.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये चार वेगवेगळ्या घनाकृतींच्या घनफळाची गणितं मुलांना दिली. एका गटाला एकेक प्रकार वेगळा, दुसऱ्याला चारही प्रकार सरमिसळ. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के गणितं बरोबर येत होती, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतर पहिला गट २० टक्क्यांवर होता आणि सरमिसळवाले ६३ वर. तुमच्या वर्गात एखादा पालक डोकावला आणि त्याला मुलं अडखळताना दिसली, तर तो फी परत मागेल. त्या अडखळण्यातच शिकणं चाललेलं असतं, हे त्याला कोण सांगणार? तुम्हीच सांगायला हवं. ब्रिटनमध्ये पोस्टातल्या लोकांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनाही हेच दिसलं होतं, १९७८ साली. रोज एक तास शिकणाऱ्यांना रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले, पण सर्वांत नाराज होते ते हेच, रोज एक तासवाले. आपण मागं पडतोय असं त्यांना वाटत होतं. देशाला पोस्टाची तिकिटं छापून देणाऱ्या शहरात ही गोष्ट माहीत असायला हरकत नाही.

माझी आजी निरक्षर होती. पाढे मात्र तिनं आम्हाला पक्के करून दिले, ते गहू निवडता निवडता. ओळीनं म्हटलेला पाढा ती ऐकूनच घ्यायची नाही. सुपातले खडे वेचत मध्येच विचारायची, "सात आठे?" छप्पन्न म्हणेपर्यंत "नऊ सक?" काल विचारलेलं आज, आज विचारलेलं आठ दिवसांनी, आणि चुकलं की फक्त सूप थांबायचं. त्या थांबलेल्या सुपाची जी भीती होती, तिला भीती म्हणावं की नाही मला ठाऊक नाही. अजून कुणी सात आठे म्हटलं की मला गव्हाचा वास येतो.

त्र्यंबकला कुणा गुरुजींकडं वेदांची संथा चालू असताना जाऊन बसा कधी. घोकंपट्टी म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो, ती तिथं नीट बघायला मिळते. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं मागं म्हणतात, समोर पुस्तक नाही. एवढ्यावर थांबत नाहीत. नंतर तीच पदं उलटसुलट गुंफायची. घनपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं, असं करत पुढं सरकायचं. सवयीनं जीभ वाहवत जायला जागाच ठेवलेली नाही; प्रत्येक पद आठवून, जागेवरून उचलून म्हणावं लागतं. ही माणसं अक्षरं रंगवत नव्हती. मी परंपरेचं गुणगान करायला हे लिहीत नाही. ती विद्या किती जणांना बंद होती हेही मला ठाऊक आहे. पण पद्धत बघा, आणि मग तुमच्या स्पायरल बायंडिंगच्या नोट्स बघा.

आता द्राक्षांकडं येते. माहेर निफाड तालुक्यातलं, दादाची बाग आहे. मण्यांत पाणी उतरायला लागलं की पाखरं येतात. साळुंक्या, बुलबुल, पोपट. एका वर्षी जाळीचा खर्च वाचवायचा म्हणून दादानं चमकीच्या पट्ट्या बांधल्या. वाऱ्यानं त्या फडफडायच्या, चमकायच्या. तीन दिवस पाखरू फिरकलं नाही. पाचव्या दिवशी मी स्वतः बघितलं, साळुंकी तारेवर चमकीच्या शेजारीच बसून मणी टोचत होती. मग आवाजाची बंदूक आणली, ठरावीक वेळानं धाडकन वाजणारी. पहिल्या दिवशी आमच्याच म्हशी उधळल्या. आठवड्यानं बार वाजला की पाखरं जराशी उडायची, एक गिरकी घ्यायची आणि त्याच वेलीवर येऊन बसायची. बागेत गोफण घेऊन फिरणारा म्हातारा गडी मात्र दिसला, की थवा पलीकडच्या वावरात. त्याची वेळ ठरलेली नव्हती, जागा ठरलेली नव्हती आणि त्याचा दगड खरोखर जवळ पडायचा.

याला आम्ही सरावणं म्हणतो, आणि ते समुद्री गोगलगायीलाही येतं. एरिक कँडेल यांनी अप्लिसिया नावाच्या अशाच एका प्राण्यावर आयुष्य घालवलं आणि २००० साली नोबेल मिळवलं. सगळ्या शरीरात मिळून चेतापेशी वीस हजारांच्या आसपास. तिच्या नळीला हलकासा स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा स्पर्श करा, पुढं काहीच वाईट घडत नाही असं झालं की ओढणं कमी होतं. एका बैठकीत दहा स्पर्श, असं चार दिवस केलं तर हे सरावणं तीन आठवडे टिकतं. तेवढेच स्पर्श एका दमात केले तर इतकं टिकत नाही. मध्ये अंतर ठेवण्याचं महत्त्व गोगलगायीलाही चुकलेलं नाही, तर आपल्या बारावीच्या मुलांना कुठून चुकणार.

रोज सकाळी सहा वाजता तुमच्या ग्रुपवर येणारा तो मेसेज, "आता फक्त ४७ दिवस!", मागं उगवत्या सूर्याचं चित्र, ही ती चमकीची पट्टी आहे. पहिले तीन दिवस पोरं दचकतात. मग अंगठ्यानं पुढं सरकवतात. घरी आईचं "अभ्यास कर, अभ्यास कर" हा बंदुकीचा बार. पालकसभेत तुम्ही आयांना सांगता, मुलांच्या मागं लागा. कृपा करून सांगू नका. त्या आधीच लागलेल्या आहेत आणि पोरं गिरकी घेऊन परत मोबाइलवर येऊन बसतात.

याहून मोठा अपराध म्हणजे 'हमखास' प्रश्नांच्या याद्या. झेरॉक्सच्या दुकानात त्या पाच रुपये पानानं विकल्या जाताना मी बघितल्यात, वर क्लासचा शिक्का. यादीतले काही प्रश्न येतातच. पन्नास लिहिले की चार-पाच येणारच. तिथंच गडबड होते. सगळेच प्रश्न कायम चुकले असते तर मुलांनी त्या याद्या कधीच फेकून दिल्या असत्या. सगळे आले असते तर एकदा फसल्याबरोबर सोडल्या असत्या. अधूनमधून बरोबर येतात म्हणून त्या सुटत नाहीत. सप्तशृंगी गडावरच्या माकडांना विचारा. दर पिशवीत खायला सापडत नाही, दहातल्या एखाद्या पिशवीत नारळ-पेढे असतात, म्हणून तर ती दहाही पिशव्यांवर झडप घालतात. आणि वर्षभर कुणी काहीच दिलं नाही तरी घालत राहतील.

स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हे कळलं ते कंटाळ्यातून. त्याच्या उंदरांना दर वेळी कळ दाबल्यावर खाऊची गोळी मिळायची, आणि त्या गोळ्या त्याला हातानं वळाव्या लागायच्या. एका शनिवारी हिशेब केला तर सोमवारपर्यंत साठा संपणार होता. मग त्यानं ठरवलं, मिनिटाला एकच गोळी द्यायची, मग उंदीर कितीही दाबू दे. उंदरांनी दाबणं सोडलं नाही. पुढं १९४८ मध्ये त्यानं कबुतरांना ठरावीक वेळानं, ती काहीही करत असोत, दाणे दिले. कबुतरं आपापले चाळे धरून बसली. कुणी गोल फिरे, कुणी मान झटके. दाणे आपल्या चाळ्यामुळंच येतात, असं त्यांना वाटतं, असा स्किनरचा अर्थ. पुढच्या संशोधकांनी त्या अर्थाला हरकती घेतल्या, आणि त्या वाजवी होत्या. तरीही बारावीच्या पेपरच्या दिवशी नवश्या गणपतीला रांगेत उभी असलेली, तेच पेन, तोच शर्ट असलेली पोरं बघितली की मला ती कबुतरं आठवतात. गणपतीला जाऊ देत, त्यानं बिघडत नाही. यादीनं बिघडतं. यादी हातात असली की मूल बाकीचं वाचत नाही.

भीतीबद्दल थोडं लिहायलाच हवं. तुमच्यापैकी काहींच्या दारावर बॅचच्या याद्या असतात, अ, ब, क, ड. एका मुलाला मी ओळखते. त्याला दर रविवारी 'ड'मध्ये आपलं नाव शोधावं लागायचं. तो पहिल्या महिन्यात रडला, दुसऱ्यात चिडला, चौथ्यात त्याला काहीच वाटेनासं झालं. तुम्ही म्हणालात, पोरगं निर्ढावलं. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर जो प्रयोग केला तो वाचवत नाही, आज तसा करूही देणार नाहीत. काही कुत्र्यांना विजेचा झटका स्वतः थांबवता येत होता, काहींना काही केल्या थांबवता येत नव्हता. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथं नुसती मधली आडभिंत ओलांडली की सुटका. ज्यांना आधी काहीच करता आलं नव्हतं त्यांच्यातले बहुतेक जण जागीच पडून राहिले. सुटका शेजारी होती, बघितलीच नाही. याला शिकलेली हतबलता म्हणत. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी पन्नास वर्षांचं आपलंच म्हणणं उलटवलं. हतबलता शिकावी लागत नाही, ती मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं. 'ड'मधल्या त्या मुलाला हे शिकायची एकही संधी मिळाली नव्हती. त्याला अ-बॅचच्या पेपरातला एखादा प्रश्न सुटेल असा प्रसंग तुम्ही आणला नव्हता. मीही आणला नसता, माझ्या नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत.

अभ्यासिकाचालकांना एकच सांगते, चोवीस तास उघडी ठेवू नका. रात्रीच्या पॅकेजवर सूट तर मुळीच देऊ नका. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की दिवसा वाटेनं फिरताना उंदराच्या मेंदूतल्या ज्या पेशी बरोबरीनं चेतल्या होत्या, त्याच नंतर झोपेतही बरोबरीनं चेतत होत्या. वाट झोपेतही चालू असते. तुमची पोरं मध्यरात्रीनंतर तिसरा चहा पितात तेव्हा ती वाट बंद होते. बारा वाजता शटर ओढा, एवढंच.

तर काय करा? तास संपायच्या दहा मिनिटं आधी फळा पुसा, वह्या मिटायला लावा आणि कोऱ्या कागदावर मुलांना आजचं लिहू द्या. तपासू नका. मुलांना स्वतःच वही उघडून काय राहिलं ते बघू दे, त्यातलं एखादं कुणी उठून विचारेल. रविवारच्या पेपरात एक तृतीयांश प्रश्न दोन महिन्यांपूर्वीच्या धड्यातले घाला, न सांगता. गणितं सरमिसळ करा. गुण कमी पडतील. त्या आठवड्यात पालकांना बोलवा आणि आपण मुद्दाम हे करतोय, असं त्यांना सांगा. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण शेजारच्या क्लासमध्ये त्याच रविवारी सगळ्यांना नव्वदच्या वर गुण असतील. याद्या थांबवा. दारावरचे ते अ-ब-क-ड काढा. एवढं केलंत तर फ्लेक्सवर कुणाचे फोटो लावायचे ते तुम्ही ठरवा, मी त्यावर काही बोलणार नाही.

ज्यांना विश्वास बसत नसेल त्यांनी एका बॅचवर करून बघावं, दुसरी जुन्याच पद्धतीनं चालू ठेवावी आणि महिन्यानं दोघींना तोच पेपर द्यावा. सरमिसळ प्रश्नपत्रिका काढायला मी मदत करीन, पैसे नकोत. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी अभ्यासिकेतच असते. गल्लीत कुणालाही विचारा, चहा पिणाऱ्या मॅडम म्हणून.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिनं हायलायटर टाकून दिले नाहीत, इतकी काही ती माझ्या कह्यात नाही. पण आता दर धड्यानंतर एक कोरा कागद घेते. राइट व्हेंट्रिकलमधून रक्त फुप्फुसांत जातं, हे ती आता माझ्याकडं न बघताच सांगते. मागच्या गुरुवारी मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज आम्हालाच लावता. आज तुम्ही किडनी काढा बघू." मी पेन घेतलं. मूत्रपिंडाचा आकार जमला, आत नेफ्रॉनही काढला, आणि पुढं माझा बाण थांबला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक